हृदयरोग हा शेठजींचा रोग नव्हे



पाचगणीच्या माणसाला छातीच्या रोगावर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे कोकणच्या माणसाला पावसाची माहिती सांगण्यासारखे आहे. ज्या गावाचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ दमेकऱ्यांच्या आणि क्षयरोग्यांच्या तोंडी आहे, त्या गावात उभे राहून आम्ही हृदयरोगाच्या इतिहासावर बोलावे, हे धाडसच आहे. शाळा नववीत सुटली. पुढची तीस-पस्तीस वर्षे कामगारांच्या सभा, मोर्चे आणि वाटाघाटी यांत गेली. आम्ही डॉक्टर नाही आणि पंडितही नाही. तरी हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आहे. ते आधी सांगितले पाहिजे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याच्या दारात आमची सभा होती. मागण्यांच्या यादीत, प्रत्येक कामगाराचा रक्तदाब वर्षातून एकदा तपासावा, असे एक कलम आम्ही घातले होते. ते वाचून दाखविताच एक जोडारी उठला आणि म्हणाला, "भाऊ, हार्टअटॅक शेठला येतो. आपल्याला येतो तो मुकादमाचा अटॅक!" सभा खो खो हसली. आम्हीही हसलो. आणि बोनसचा आकडा थोडा वर सरकावा म्हणून ते कलम आम्ही पहिल्याच बैठकीत सोडून दिले. पुढे दीड वर्षाने तोच जोडारी रात्रपाळीत छाती चोळीत बाकावर बसला. पाळीच्या साहेबाने, पित्त झाले असेल, म्हणून त्याला सोड्याचे पाणी दिले. पाळी सुटेपर्यंत चार तास गेले, आणि मग त्याला हलविले. तो इस्पितळाच्या दारापर्यंत पोचला नाही. त्याचे वय बेचाळीस होते.

साहेबाची चूक होतीच. परंतु ते कलम आमच्या हाताने खोडलेले होते, हे आम्हांस विसरता आले नाही. त्यानंतर जी पुस्तके मिळतील ती वाचावयास आम्ही लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले, की हृदयरोग हा श्रीमंतांचा रोग ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. आज एवढेच आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभ पाचगणीपासूनच करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने ह्या पठाराच्या कुशीत वस्ती वसविली, सिल्व्हर ओकची झाडे लावली, आणि महाबळेश्वरापेक्षा येथे पाऊस कमी, हवा कोरडी, म्हणून गोरे लोक येथे राहू लागले. त्या काळी क्षयाला औषध नव्हते. १८८२ साली रॉबर्ट कॉख ह्या जर्मन डॉक्टराने क्षयाचा जंतू दाखविला. पण जंतू दिसला म्हणून तो मरत नाही. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस अन्न ह्या तीन गोष्टींवाचून वैद्यकाजवळ दुसरे काही नव्हते. युरोपात ह्यासाठी डोंगरांवर आरोग्यधामे निघाली. तीच कल्पना आपल्याकडे आली. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. तेच आपले बेल-एअर. पुढे ते रेड क्रॉसकडे आले, आणि क्षय हटू लागल्यावर एड्सच्या रोग्यांना त्याने आसरा दिला, हे आपण सर्व जाणता. तिकडे मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभे केले, आणि जवळच क्षयरोग्यांचे आरोग्यधाम निघून त्या जागेचे नावच वानलेसवाडी पडले. म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही मुलखांत छातीच्या रोगाची विद्या फार जुनी आहे.

पण ह्या आरोग्यधामांत येत कोण असे? मोकळी हवा फुकट असली तरी पूर्ण विश्रांती फुकट नसते. सहा महिने, वर्षभर खाटेवर पडून राहावयाचे तर घरी पगार कोण आणणार? गिरणीत क्षय झालेला माणूस पाचगणीला न येता आपल्या गावी येत असे, आणि गोठ्याशेजारच्या पडवीत खोकत खोकत जात असे. आमच्या आजोळी अशा दोन पडव्या आम्ही पाहिल्या आहेत.

हे कोडे सुटले ते दोन पावलांनी. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९५२ साली आयसोनियाझिड हे स्वस्त औषध आले. आणि १९५६ साली मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या त्याच कोंदट घरांत ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की औषध नेमाने घेतले तर घरचा रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, आणि घरच्या माणसांना अधिक लागण होत नाही. साऱ्या जगाने हा धडा मद्रासपासून घेतला. डोंगरावरची खाट ज्याला परवडत नव्हती, त्याच्या दाराशी इलाज जाऊन पोचला. हा धडा आपण मनात ठेवू. शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

आता फुप्फुसाकडून हृदयाकडे वळू. दोघे शेजारी आहेत, आणि शेजाऱ्याच्या घरची आग आपल्याही छपराला लागते. आमचे वडील परळच्या एका गिरणीत, कापसाच्या गासड्या फोडून कापूस मोकळा करतात त्या ब्लोरूम खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही लहान होतो. अडीच लाख कामगारांच्या त्या संपात ते वळकटी घेऊन गावी परतले ते कायमचे. खोकला वीस वर्षांचा होता. पण शेवटी पाय सुजले, पोट सुजले, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, की फुप्फुसे निकामी झाली म्हणजे त्यांतून रक्त रेटता रेटता हृदयाची उजवी बाजू थकते. हृदय मरते ते फुप्फुसाच्या पायी, आणि फुप्फुस मरते ते धुरळ्याच्या पायी. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र फक्त हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिलेले असते.

हृदयाला हात लावण्याची विद्याही अशीच शेजारून आली. शतकानुशतके हृदय हे शस्त्राला वर्ज्य मानलेले होते. १८९६ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यवैद्याने सुरा लागलेल्या एका माणसाचे हृदय टाके घालून शिवले, आणि तो माणूस जगला. तरी पुढे कितीतरी वर्षे बहुतेकांना धीर झाला नाही, कारण छाती उघडली की फुप्फुस फुग्यासारखे मिटते. छाती उघडून माणसाला जिवंत कसे ठेवावे, ही विद्या क्षयाच्या शस्त्रक्रिया करता करता पुष्कळशी पक्की झाली, आणि छातीचे शल्यवैद्यच पुढे हृदयाचे शल्यवैद्य झाले.

ह्या इतिहासात एक गोष्ट आम्हांला फार जवळची वाटते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात, जन्मतः हृदयात दोष असल्यामुळे निळी पडणारी बालके येत. डॉ. हेलन टाउसिग या बाईंना कमी ऐकू येई. म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून ठोके ओळखीत. फुप्फुसाकडे रक्त अधिक जाईल अशी एक जोडवाट करावी, ही त्यांची कल्पना. शल्यवैद्य होते आल्फ्रेड ब्लेलॉक. पण ती जोडवाट कुत्र्यांवर प्रयोग करून, हत्यारे स्वतः बनवून ज्याने सिद्ध केली, तो माणूस होता व्हिव्हियन टॉमस, सुतारकाम शिकलेला एक काळा तरुण. वैद्यकाच्या शिक्षणासाठी साठविलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले, म्हणून तो प्रयोगशाळेतल्या कामावरच राहिला. आणि पगारपत्रकात त्याची जागा झाडूवाल्याची होती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ब्लेलॉक यांनी त्याला आपल्या मागे पायऱ्यांच्या स्टुलावर उभे केले, आणि तो खांद्यावरून टाका कोठे घ्यावा ते सांगत होता. पुढच्या वर्षी जगाला ही बातमी देणारा जो निबंध निघाला, त्यावर त्याचे नाव नव्हते. १९७६ साली त्या विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टर केले. बत्तीस वर्षे लागली. काम एकाचे आणि हजेरी दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार गिरणीतच चालतो असे नाही, हे त्यावरून कळते.

आपल्या मुलखातली कथा परळला घडली. १९२६ साली गिरणगावाच्या मध्यावर केईएम इस्पितळ आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उघडले. त्या वेळी मोठ्या सरकारी इस्पितळांतल्या वरच्या जागा गोऱ्यांना मिळत. म्हणून येथे शिकविणारे सगळे हिंदी असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. पहिले मुख्याधिकारी डॉ. जीवराज मेहता. इस्पितळाच्या भिंतीला गिरण्यांचे भोंगे ऐकू येत, आणि बाहेरच्या विभागात जी रांग लागे ती चाळींतून येई.

त्या रांगेत एक रोग फार होता. मुलाला घसा दुखून ताप येतो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. ते बरे होतात, आई देवाला नारळ फोडते. पण त्या तापाने हृदयाच्या झडपेला चरा पाडलेला असतो. दहापंधरा वर्षांनी झडप जाड होऊन चिकटते, पोर जिना चढताना धापा टाकू लागते. ह्याला डॉक्टर रुमॅटिक हृदयरोग म्हणतात. घशातला जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो दाटीत. जेथे एका खोलीत दहा माणसे निजतात, पाळीपाळीने एकच वळकटी वापरतात, तेथे त्याचे राज्य. युरोपात हा रोग पेनिसिलिन येण्यापूर्वीच ओसरू लागला होता, कारण घरे मोठी झाली, खाणे सुधारले. जो रोग खोलीच्या लांबीरुंदीवर अवलंबून आहे, त्याला शेठजींचा रोग कसे म्हणावे?

आमची आत्या लालबागच्या एका चाळीत अशीच धापा टाकीत असे. दोन बाळंतपणे कशीबशी झाली. तिसऱ्याला डॉक्टरांनी हात टेकले. सत्तरच्या दशकात केईएममध्ये तिची झडप मोकळी केली. ही शस्त्रक्रिया मोठी विलक्षण आहे. हृदय चालूच असते. शल्यवैद्य त्याच्या एका कोपऱ्यातून आत बोट घालतो आणि न पाहता, नुसत्या स्पर्शाने, चिकटलेली झडप उकलतो. लंडनला सूटर यांनी १९२५ साली हे एकदा करून पाहिले होते. परंतु पुन्हा कोणी रोगी त्यांच्याकडे धाडला नाही. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडात ती रुळली, आणि चारपाच वर्षांतच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती परळला आणली. आत्या त्यानंतर तीस वर्षे जगली. छातीवरचा लांब व्रण ती नातवंडांना दाखवी आणि म्हणे, "हितनं डॉक्टरचं बोट आत गेलं व्हतं, माज्या काळजाला लागलं."

हेच डॉ. सेन पुढे जगाच्या नजरेत आले. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, केईएममध्ये सेन आणि त्यांचे सहकारी यांनी तीच शस्त्रक्रिया केली. मनुष्याचे हृदय मनुष्याला बसविण्याचा जगातला तो सहावा प्रयत्न होता. ही काही नक्कल नव्हती, डॉ. परुळकर, डॉ. शरद पांडे यांच्यासह ही मंडळी कित्येक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग करीत होती. रोगी तीनएक तास जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला. तोही काही तासांपलीकडे गेला नाही. परके हृदय शरीराने झिडकारू नये म्हणून लागणारी औषधे तेव्हा नव्हती, मेंदू मेल्यावर माणूस मेला असे मानणारा कायदाही नव्हता. तो कायदा १९९४ साली झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यश मिळविले. मधली सव्वीस वर्षे सेनांच्या प्रयत्नाला कोणी अपयश म्हणत राहिले. आम्ही तसे म्हणणार नाही. महापालिकेच्या इस्पितळात, मोफत रोग्यांच्या विभागात, जगाच्या बरोबरीने पाऊल टाकता येते, हे त्यांनी दाखविले. पहिला संप बुडाला म्हणून दुसरा व्यर्थ जात नाही, हे आमच्या धंद्यात आम्ही शिकलो आहो.

त्याच इस्पितळाशी संबंध असलेली आणखी दोन नावे सांगून पुढे जाऊ. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात निबंध लिहिला, की आपले वैद्य पिढ्यानपिढ्या वापरीत आलेली सर्पगंधा वाढलेला रक्तदाब उतरविते. पन्नास रोग्यांवर त्यांनी ती तपासून पाहिली होती. तोवर रक्तदाबाला गुणकारी असे औषध जगात जवळजवळ नव्हते. अमेरिकेचे मानाचे लास्कर पारितोषिक त्यांना १९५७ साली मिळाले. आणि डॉ. के. के. दाते यांनी शवासनाने रक्तदाब उतरतो काय, हे यंत्राने मोजून १९६९ साली प्रसिद्ध केले. दोघांनीही जुने म्हणून ते खरे, किंवा जुने म्हणून ते खोटे, असे म्हटले नाही, मोजून पाहिले. ही वृत्ती आम्हांला पूज्य वाटते.

आता तो जोडारी ज्याने गेला, त्या झटक्याकडे येऊ. हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांत चरबीचा थर बसतो, तो फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते, आणि पलीकडचा स्नायू उपाशी मरू लागतो. झडपेचा रोग गरिबांचा हे कोणी मान्य करील. पण हा तर खाऊन माजलेल्यांचाच, असे पुष्कळांना वाटते. १९५३ साली लंडनला डॉ. जेरी मॉरिस यांनी बसखात्यातल्या सुमारे ३१,००० माणसांची माहिती तपासली. एकाच बसवर, एकाच वर्गातले, शेजारशेजारच्या घरांत राहणारे दोघे: चालक आणि वाहक. चालक दिवसभर बसून. वाहक दुमजली बसचे जिने दिवसातून पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. चालकांना हृदयाचा झटका अधिक येई, आणि आला तर तो अधिक घातक असे. कोणी म्हणेल, मुळात जाडे लोकच चालक होत असतील. मॉरिस यांनी तेही सोडले नाही. खात्याने शिवून दिलेल्या विजारींच्या कमरेची मापे काढून पाहिली, आणि चालकांच्या कमरा खरेच मोठ्या निघाल्या. त्यांनी ते लपविले नाही, छापले. टपाल वाटणारे आणि टपालखात्यात बसून लिहिणारे यांच्यातही असाच फरक दिसला. पसरणीच्या घाटात दिवसाला दहा वळणे दहा वेळा घेणाऱ्या आमच्या चालक बंधूंनी ही गोष्ट कानाआड करू नये.

याहून मोठा धक्का १९६७ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीने दिला. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतले सतरा हजारांवर पुरुष तपासले गेले. लोकांची अपेक्षा, की मोठ्या साहेबांना काळजी मोठी, म्हणून झटका त्यांनाच. निघाले उलटे. सर्वांत खालच्या जागांवरचे शिपाई, दरवान यांच्यात हृदयरोगाने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या तिपटीहून अधिक. विडी-सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब वजा केला तरी पुष्कळसा फरक उरला. ज्याच्या हातात कामावरचा ताबा नाही, ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याचे हृदय लवकर झिजते, असे ह्या विषयाचे पुष्कळ अभ्यासक आज मानतात. आपल्या देशात १९९० साली शंभर मृत्यूंपैकी सुमारे पंधरा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांचे होते. २०१६ साली ते अठ्ठावीस झाले. एवढे शेठजी देशात कोठून आले?

इलाजाची प्रगती थक्क करणारी आहे. १९६७ साली क्लीव्हलंडला फावालोरो यांनी पायाची शीर घेऊन तुंबलेल्या धमनीला वळसा देण्याची शस्त्रक्रिया रुळविली. हे गृहस्थ अर्जेंटिनातल्या सुताराचे चिरंजीव, बारा वर्षे खेड्यात डॉक्टरकी केलेले. १९७७ साली झुरिचला ग्रुंट्झिग यांनी, घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेल्या फुग्याच्या नळीने धमनी आतून रुंद केली. आणि १९८६ साली इटलीत अकरा हजारांवर रोग्यांच्या पाहणीत सिद्ध झाले, की स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तासात दिले तर सर्वांत अधिक जीव वाचतात; पुढचा प्रत्येक तास नुकसानीचा. गंमत अशी, की हे औषध ज्या जातीच्या जंतूपासून काढतात, त्याच जातीचा जंतू आमच्या आत्याच्या झडपेला चावला होता. शत्रूच्याच हातून काम करून घेण्याचे हे उदाहरण आहे.

चार तास! हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

ही विद्या आली, पण तिची किंमतही आली. धमनी उघडी ठेवणारी जाळी, स्टेंट, एकेकाला लाख, सव्वा लाख रुपयांना घालीत. कामगार पोराच्या लग्नाचे पैसे मोडी, शेत गहाण टाकी. एका वकिलाने दिल्लीच्या न्यायालयात ह्यावर दाद मागितली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने भाव बांधला: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषध लावलेल्याला २९,६०० रुपये. एका रात्रीत भाव एवढा उतरू शकतो, तर आदल्या दिवशी तो कोणाच्या खिशात जात होता, हा प्रश्न आम्ही सभांतून विचारीत आलो. १९४८ साली कामगार विमा कायदा झाला आणि १९५४ साली ती योजना मुंबईत आली. २०१२ पासून राज्याची आरोग्य योजना, जिला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले, गरिबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलू लागली. ह्या गोष्टी आभाळातून पडल्या नाहीत. रविवारची सुट्टी तरी कशी आली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून, सभा भरवून, १८९० साली ती मिळविली. आज आम्ही तिला हृदयाचे औषध म्हणतो. तेव्हा कोणी तसे म्हटले नव्हते.

पण केवळ शस्त्रक्रियेच्या पैशावर समाधान मानणे म्हणजे गळक्या छपराखाली पातेली मांडीत बसणे होय. मद्रासने क्षयाच्या बाबतीत इलाज रोग्याच्या दाराशी नेला. हृदयाच्या बाबतीत तेच केले पाहिजे. पोराचा घसा दुखून ताप आला तर त्याला डॉक्टरांना दाखवावे. ज्याला सांध्याचा ताप येऊन गेला आहे, त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे टोचली तर पुढची शस्त्रक्रिया बहुधा टळते. रक्तदाब मोजावयास दोन मिनिटे लागतात. त्याचे औषध नेमाने घ्यावे, बरे वाटले म्हणून सोडू नये. तंबाखूविषयी आम्ही कोणत्या तोंडाने बोलावे? पंचवीस वर्षे आमच्या बंडीच्या खिशात चुन्याची डबी होती, आणि सभेला रंग आणण्यासाठी ती आम्ही व्यासपीठावरही फिरवीत असू. त्या जोडाऱ्याच्या तेराव्याला ती आम्ही कृष्णेत टाकली. तरी महिनाभर हात खिशाकडे जात होता.

आणि छातीत दाबल्यासारखे होऊन दरदरून घाम आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर पित्त म्हणून बसून राहू नये. घाट उतरावयाचा आहे, वाईला किंवा साताऱ्याला पोचावयाचे आहे. पाचगणीकरांना तर वेळ मैदानातल्यापेक्षा कमीच मिळतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आहे, ती बोलवावी. पाहुण्यांसाठी रात्री-बेरात्री गाडी काढणारे हे गाव आहे. हॉटेलच्या आचाऱ्यासाठी, शाळेच्या भटारखान्यातल्या बाईसाठी आणि स्ट्रॉबेरीच्या शेतातल्या मजुरासाठीही ती तितक्याच लगबगीने निघाली पाहिजे.

बेल-एअरकडे जाताना आम्ही परवा सहज थांबलो. ज्या रोगासाठी ते बांधले, त्या रोगाला आज डोंगर लागत नाही. गोळ्या लागतात, आणि त्या नेमाने घेण्याइतका घरचा आधार लागतो. हृदयरोगाचीही इस्पितळे उद्या अशी रिकामी होतील काय? होतील, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या दारातली रांग आखूड करणे माणसाच्या हातात आहे, आणि ती आखूड होते ती घराच्या दारात, खोलीच्या लांबीरुंदीत, कामाच्या तासांत आणि मागणीपत्रकाच्या कलमांत.

ते कलम आता आमच्या प्रत्येक मागणीपत्रकात पहिले असते. वाटाघाटीला बसलो की समोरचे साहेब म्हणतात, हे राहू द्या, आकड्याचे बोला. आम्ही म्हणतो, साहेब, आधी हे. बोनस घ्यायला माणूस उरला पाहिजे. गेल्या काही वर्षांत तीन ठिकाणी ते मंजूर झाले आहे. एका कारखान्यात पहिल्याच तपासणीत रक्तदाब वाढलेले अकरा जण निघाले. त्यांतल्या एकालाही तोवर काही होत नव्हते.